न पाहिलेल्या सिनेमावरून भांडण

मे महिना आला की मराठी माणसाला दोन उमाळे येतात, एक आंब्याचा आणि दुसरा भारतातल्या पहिल्या सिनेमाचा. ३ मे १९१३ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, म्हणून तीन तारखेला फाळक्यांच्या फोटोला हार. पंधरा दिवसांनी अठरा तारीख उजाडते. त्याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ला, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी, दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला होता. मग तोरण्यांचे पाठीराखे बाह्या सरसावतात. आमचा आधी! त्यावर फाळकेवाले म्हणणार, तो कसला सिनेमा, नाटकापुढे कॅमेरा उभा केला होता, तो चालवणारा जॉन्सन नावाचा गोरा, आणि फिल्म धुवायलासुद्धा लंडनला गेली. तोरणेवाले म्हणणार, मग फाळक्यांचा कॅमेरा काय नाशकात बनला होता? २०१३ साली शताब्दीच्या सोहळ्यांत हे प्रकरण न्यायालयाच्या दारापर्यंत जाऊन आलं.

कोणाची बाजू खरी हे मी सांगणार नाही. मला त्यात फारसा रसही नाही. मात्र या भांडणातली एक गंमत कुणी बोलून दाखवत नाही. दोन्ही बाजूंच्या एकाही माणसानं ‘पुंडलिक’ पाहिलेला नाही. पाहणार कसा? त्याची प्रतच शिल्लक नाही. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. त्यातही ती १९१३ची की फाळक्यांनी १९१७मध्ये हाच सिनेमा पुन्हा केला त्याची, यावर जाणकारांचं एकमत नाही. म्हणजे सातबाऱ्यावर नाव कुणाचं लावायचं यावरून भाऊबंदकी पेटली आहे, आणि जमीन केव्हाच नदीनं कापून नेली आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की पहिला कोण हा वाद आपण पुरेसा घातला. आता सिनेमाची एक प्रत सरकारजमा करण्याची सक्ती कायद्यात का नाही, हा वाद घालूया.

आधी किती गेलं ते पाहू. मूकपटांच्या काळात, म्हणजे १९३१चा ‘आलम आरा’ येऊन पडदा बोलू लागेपर्यंत आणि त्यानंतर दोन-तीन वर्षं, भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले आज पाहता येतात ते जेमतेम दोन-तीन डझन, आणि त्यातही बरेचसे तुकडेच. खुद्द ‘आलम आरा’चीही प्रत नाही. फाळक्यांनी शंभरेक सिनेमे केले. त्यांच्या मूकपटांपैकी जवळपास अखंड पाहावा असा ‘कालिया मर्दन’ एवढाच, बाकीच्यांचे तुकडे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची गतही काही वेगळी नाही.

हे असं फक्त आपल्याकडेच झालं असं नव्हे, हेही कबूल करायला हवं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ साली जाहीर केलेल्या पाहणीत तिकडच्या सुमारे ११,००० मूक कथाचित्रपटांपैकी मूळ स्वरूपात फक्त १४ टक्के शिल्लक असल्याचं निघालं. त्या काळची फिल्म नायट्रेटची. बंदुकीच्या कापसाची सख्खी बहीण म्हणा ना. एकदा पेटली की स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, पाण्यात बुडवली तरी विझत नाही. पेटली नाही तर सडते: आधी चिकट होते, मग फुगते, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. त्यात तिच्यावर चांदीचा थर. सिनेमा दोन-चार गावं फिरून जुना झाला की त्याला बाजारात किंमत उरायची ती या चांदीची. रिळं धुवून चांदी काढायची आणि उरलेलं सेल्युलॉइड बांगड्या करणाऱ्याला विकायचं, असा सरळ धंदा होता. कुण्या महाराणी तारामतीचा विलाप कुण्या बाईच्या मनगटात किणकिणत गेला असेल.

या पापात मीही वाटेकरी आहे. आमच्या तालुक्याच्या गावी टॉकीजच्या मागं उकिरडा होता. प्रिंट तुटली की ऑपरेटर खराब भाग कापून, सांधा मारून पुढे चालवायचा आणि कापलेले तुकडे खिडकीतून बाहेर फेकायचा. आम्ही पोरं ते वेचायचो. गेलेल्या बल्बचं बूड फोडून आतली तार काढायची, त्यात पाणी भरायचं, की झालं भिंग. दाराच्या फटीतून आरशानं ऊन आत घ्यायचं, बल्बापुढे फिल्म धरायची, की समोरच्या पांढऱ्या भिंतीवर उलटा सुलटा हिरो. मग ते तुकडे बिस्किटाच्या डब्यात. चाळीस वर्षांनी माळा आवरताना तो डबा सापडला. उघडल्याबरोबर नाकात आंबूस वास गेला, लोणचं बिघडल्यासारखा. नंतरच्या काळातली ही फिल्म पेटत नाही, पण सडताना तिचा असा शिरका होतो. तुकडे वाकडे होऊन एकमेकांना चिकटले होते. कोणत्या सिनेमाचे ते सांगता आलं नाही.

तर, गेलं ते नेमकं काय गेलं? ‘वारसा’ हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही. सरकारी निमंत्रणपत्रिकांनी त्याचा पार चोथा केला आहे. गेली ती माणसं.

‘कालिया मर्दन’ वाचला म्हणून काय मिळालं पाहा. १९१९चा सिनेमा. कृष्णाचं काम फाळक्यांच्या मुलीनं, मंदाकिनीनं केलं. सात वर्षांची पोर. कथा सुरू व्हायच्या आधी फाळके तिला तिच्याच रूपात कॅमेऱ्यापुढे बसवतात. मुकुट नाही, मोरपीस नाही. ती हसते, रुसते, घाबरते, चिडते. चेहरा पडदाभर. आणि मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू कृष्णाचा साज उमटतो. नाटकात सूत्रधार येऊन जे तोंडानं सांगतो ते फाळक्यांनी एक शब्द न वापरता सांगितलं: हा देव नाही, ही माझी मुलगी आहे, आता ती देव होते आहे, बघा. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थक्क झालो ते यासाठी, की फाळक्यांबद्दल वाचलेल्या कुठल्याही लेखातून हा माणूस माझ्या हाती लागला नव्हता. लेखांत होते ते पत्नीचे दागिने गहाण टाकणारे, डोळे जाईपर्यंत राबणारे, शेवटी उपेक्षेत गेलेले फाळके. प्रेक्षकाशी असा खट्याळ करार करणारा दिग्दर्शक फक्त त्या रिळात होता. रीळ गेलं असतं तर तोही गेला असता, आणि आपण दागिन्यांची गोष्ट सांगत बसलो असतो.

‘राजा हरिश्चंद्र’च्या उरलेल्या भागातही असंच एक दृश्य आहे. राणी तारामती दासींबरोबर हौदात जलक्रीडा करते आहे, आणि ओल्या साड्यांतल्या त्या सगळ्या बायका म्हणजे धडधडीत बाप्ये. सिनेमात काम करायला तेव्हा बाई मिळेना. तारामती झालेले अण्णा साळुंके ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत आचारी होते. पुढे १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये या साळुंक्यांनी राम आणि सीता दोघांचंही काम केलं. आज हे सांगितलं की लोक हसतात. हसायला हरकत नाही, पण ते दंड, तो पदर सावरण्याचा प्रयत्न पडद्यावर पाहताना हसू थोडं अडतं. त्या माणसाच्या देहावर आख्ख्या समाजाची अडचण नेसवलेली आहे.

आता याची दुसरी बाजू. ती अडचण मोडली कुणी? दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला (पुढच्या कमलाबाई गोखले) यांनी. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये आई पार्वती झाली आणि मुलगी मोहिनी. भारतीय पडद्यावर मोठ्या भूमिका करणाऱ्या या पहिल्या बायका. तो सिनेमा कुठे आहे? नाही. कमलाबाई गोखल्यांचं निदान उतारवयात रीना मोहन यांनी चित्रण करून ठेवलं, म्हणून त्यांचा चेहरा, त्यांचं फटकळ बोलणं आपल्याकडे राहिलं. दुर्गाबाई पडद्यावर कशा दिसत होत्या, कशा चालत होत्या, काही सांगता येत नाही. केरळात तर याहून वाईट झालं. जे. सी. डॅनिअल यांच्या ‘विगतकुमारन’ची नायिका पी. के. रोझी दलित होती. तिनं नायर घरातली स्त्री रंगवली म्हणून सवर्णांनी तिला गावातून पळवून लावलं. तो सिनेमाही गेला. जमावानं बाईला घालवलं, आणि तिचं काम काळानं घालवलं असं म्हणायची पद्धत आहे. काळाचं नाव घेतलं की कुणाला जबाबदार धरावं लागत नाही.

बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ मला सगळ्यांत जास्त टोचतो. १९२५ साल. सगळीकडे देव-दैत्य आणि राजे-रजवाडे चालले असताना कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं नारायण हरी आपट्यांच्या कथेवर कर्जबाजारी शेतकऱ्याचा सिनेमा काढला. सावकार जमीन गिळतो, शेतकरी शहरात येऊन गिरणीत मजूर होतो. शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. ज्यांनी तो पाहिला ते रात्रीच्या अंधारातल्या झोपडीची आणि रडणाऱ्या कुत्र्याची आठवण पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले. आपण त्या कुत्र्याबद्दल वाचतो, एकमेकांना सांगतो, परीक्षेत लिहितो. आधीचा, १९२०चा ‘सैरंध्री’ पाहून लोकमान्यांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं, त्यातलं कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वठलं की ते कापावं लागलं, हेही आपण वाचतोच. स्वतः कॅमेरा बनवणारा, पोस्टर रंगवणारा, पडद्यांऐवजी खोली असलेले सेट उभारणारा हा चित्रकार प्रकाश कसा टाकत होता? ऐकीव माहितीवर प्रकाश दिसत नाही.

जे राहिलं ते कसं राहिलं, हा भाग तर आणखी बोलका आहे. हिमांशू राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांचे ‘प्रेम संन्यास’, ‘शिराज’, ‘प्रपंच पाश’ हे १९२५ ते १९२९मधले मूकपट आज लख्ख पाहता येतात. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं ‘शिराज’ २०१७ साली नव्यानं दुरुस्त करून दाखवला. त्यांचं नशीब इतरांहून थोर नव्हतं. ते युरोपात गेले आणि तिथं कुणीतरी प्रत कपाटात ठेवली. कोलकात्याच्या मदन कंपनीच्या १९१९च्या ‘बिल्वमंगल’चा काही भाग आपल्याला २०१६ साली मिळाला तो पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट संग्रहालयातून. आपल्याच घरातलं भांडं आपण शेजाऱ्याकडून मागून आणलं.

इकडे जे वाचलं ते पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाच्या पायपिटीनं. संग्रहालय स्थापन झालं १९६४ साली, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर एक्कावन्न वर्षांनी. नायर १९६५मध्ये तिथं आले आणि फाळक्यांच्या घरच्यांपासून जुन्या वितरकांच्या गोदामांपर्यंत फिरून डबे गोळा करत राहिले. हाती कायद्याचा कागद नाही, कुणी दिलं तर घ्यायचं. आणि घेतलेलं तरी टिकावं? २००३च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि तिथली नायट्रेटची रिळं गेली. तेच ‘प्रभात’चं जुनं आवार.

आता कायद्याकडे येतो. इंग्रजांनी १८६७ साली छापखान्यांचा आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. हेतू काही उदात्त नव्हता, नेटिव काय छापतात यावर नजर ठेवायची होती. पण त्या हेरगिरीच्या पुण्याईनं एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांच्या याद्या आज अभ्यासकांना मिळतात. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली पुस्तकांसाठी वेगळा कायदा झाला. प्रकाशकानं पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत, स्वखर्चानं, एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची. दहावीचं गाइड असो की ज्ञानेश्वरीची टीका, भेदभाव नाही. सगळे पाठवतात असं नाही, पण मागण्याचा हक्क तरी आहे. सिनेमाच्या वाट्याला १९१८चा सिनेमॅटोग्राफ कायदा आणि त्यामागून सेन्सॉर आलं. सरकारनं कात्री आणली, कपाट आणलं नाही. आजही प्रमाणपत्रासाठी सिनेमा सेन्सॉरपुढे ठेवावाच लागतो, पण ती तपासणी झाली. जतनासाठी म्हणून प्रत द्यायची सक्ती नाही. फ्रान्सनं ती १९७७पासून लागू केली.

यावर पहिली हरकत येते ती पैशांची. छोटा निर्माता आधीच कर्जात असतो, त्याच्या मानेवर हे आणखी एक ओझं कशाला? हरकत रास्त आहे, म्हणून मी खर्च त्याच्यावर टाका असं म्हणत नाही. पुस्तकाची एक प्रत काढायला शे-दोनशे रुपये लागतात, सिनेमाच्या जतनयोग्य प्रतीचं तसं नाही. तो सरकारनं सोसावा. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेसाठी सुमारे ५९७ कोटी रुपये मंजूर झाले होते. सडलेल्या रिळाची एकेक चौकट धुवून-पुसून उभी करण्याचा खर्च आणि नवीकोरी प्रत वेळेवर ठेवून घेण्याचा खर्च यांची तुलना करायला कारकुनाची गरज नाही.

दुसरी हरकत: सगळंच ठेवायचं म्हणजे कचराही ठेवायचा का? हो, कचराही. १९२५ साली कुण्या समितीला विचारलं असतं तर तिनं पौराणिक भव्यपट ठेवला असता आणि शेतकऱ्याचा रडका सिनेमा सोडून दिला असता. निवड करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, त्यांच्यात मी असलो तरी.

तिसरी हरकत तरुण मंडळींची असते, आणि तीच मला सर्वांत धोक्याची वाटते. आता सगळं डिजिटल आहे, नेटवर आहे, हरवणार कसं? अहो, आताच जास्त हरवेल. फिल्मच्या काळात एका सिनेमाच्या वीस-पंचवीस प्रिंट निघायच्या, गावोगावच्या पेट्यांतून फिरायच्या. एखादी कुठल्या तरी वितरकाच्या गोदामात विसरून राहायची आणि पन्नास वर्षांनी नायरांसारख्या कुणाला सापडायची. नायट्रेटसुद्धा थंड, कोरड्या जागी शंभर वर्षं टिकलेलं आहे. आजचा सिनेमा थिएटरला जातो तो कुलूप लावलेल्या फाइलच्या रूपात. ते कुलूप उघडणारी किल्ली ठरावीक दिवसांपुरती. मुदत संपली की ती फाइल म्हणजे निव्वळ ओझं. थिएटरवाला पुसून पुढचा सिनेमा चढवतो. मूळ सिनेमा राहतो निर्मात्याच्या दोन-तीन हार्ड डिस्कवर. ऑफिस बदललं, भागीदारांत भांडण झालं, लॅबचं बिल थकलं, की त्या डिस्क कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये. चार-सहा वर्षं चालू न केलेली डिस्क पुन्हा चालू होईलच असं कुणीही छातीठोकपणे सांगत नाही. ओटीटीवर आहे म्हणावं तर करार संपला की एका रात्रीत गायब. गोदामात विसरून राहण्याची सोयच या व्यवस्थेत उरलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी निष्काळजीपणातूनही चुकून काही वाचायचं.

दिल्लीचा कायदा होईल तेव्हा होईल. २०२२ साली पुण्याचं संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. त्यानं काय साधलं हे यथावकाश कळेल. पण महाराष्ट्राला दिल्लीची वाट पाहायचं कारण नाही. गोरेगावच्या चित्रनगरीला फाळक्यांचं नाव आहे, दादरच्या ज्या रस्त्यावर मथुरा भवनात त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित केला त्या रस्त्यालाही आहे. राज्य सरकार मराठी सिनेमांना अ आणि ब असा दर्जा देऊन अनुदान देतं. त्यासाठी सिनेमा समितीला दाखवावाच लागतो, कागदपत्रं जोडावीच लागतात. पैसा जनतेचा आहे, तेव्हा जनतेनं एक प्रत मागितली तर त्यात आगाऊपणा नाही. अनुदानाचा शेवटचा हप्ता या प्रतीच्या पोचपावतीशी बांधून टाकला तर पुढच्याच वर्षीपासून निदान अनुदानित मराठी सिनेमाचा प्रश्न सुटतो. प्रत कुलूप नसलेली हवी. दोन ठिकाणी ठेवलेली हवी, एकाच इमारतीत दोन नव्हेत. दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवून घेण्याची जबाबदारी एका नेमलेल्या माणसावर हवी, ‘विभागा’वर नको. सोबत पटकथा, पोस्टर, चित्रीकरणाचे फोटो.

आणि काम केलेल्या सगळ्यांच्या नावांची यादी. कच्ची फिल्म तेव्हा छिद्रांशिवाय यायची. सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून ती छिद्रं पाडायच्या, फिल्म धुवायच्या, आणि घरात राहिलेल्या सगळ्या नटमंडळींचा स्वयंपाकही करायच्या. तारामतीही आचारीच होता. तेव्हा त्या यादीत युनिटच्या जेवणाचं बघणाऱ्यांची नावंही घ्या.